कोपीवरचे रविवार आणि 'आपण किती नशीबवान'

बालाघाटी: कालची ती पोस्ट वाचून डोकंच फिरलं. ताई दौंडकडं ऊसतोड्यांच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, काही रविवार शिकवून आल्या आणि लिहितात, 'काहीच नसताना ती मुलं किती आनंदी, मी किती नशीबवान ते कळलं'. अहो, लेकरं हसतात कारण खाऊ आलाय! माय-बाप पहाटेच उसाच्या फडात गेलेले, आठ-नऊ वर्षाची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन चूल पेटवती. माझे आईबाप बीडच्या शिरूर कासारहून ऊस तोडायला, कोयत्यावर यायचे, असल्या दादा-ताईंसमोर मीपण कविता म्हणून दाखवल्यात. फोटो काढला की गाडी परत.

रविवारवाली: ती ताई मीच. घरी बसले असते तर काय कळलं असतं? एका बाईला ताप होता, कामाचा दिवस बुडला, तर उलट खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीचे, पैसे तिच्याच अंगावर. हा प्रकार मला तिथंच कळला, तोवर साखर म्हणजे डी-मार्टची पिशवी.

वारणाकाठ: गरीब गरीब काय लावलंय? खुशाली, म्हणजे तोडणीवाल्यांना वरचे पैसे, दिल्याशिवाय फडात कोयता लागत नाही आमच्याकडं. भावानं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, मजूर आणून देणारा मुकादम साडेसात लाख उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन गेला तो गेलाच, फोन बंद. त्याच्यावर लिहा की एखादी पोस्ट.

बालाघाटी: मुकादम पळाला तर शिव्या मजुराला का? २०२४ च्या जानेवारीत तोडणीचे २७३ चे ३६६ रुपये झाले टनाला, तेपण संप करून. नवरा-बायको मिळून दोन टन धरा, काढा रोज. त्यातूनच उचल फिटायची.

वारणाकाठ: आणि वाढं, उसाचे हिरवे शेंडे, चारा म्हणून विकतात ते? ऊस माझा, वाढं माझं, पैसे त्यांचे! हिशोब मला नका शिकवू.

बालाघाटी: चार मोळ्या वाढ्यावर डोळा ठेवणारा बागायतदार, धन्य आहे! या एकदा बिनपाण्याच्या रानात राहायला.

चहाबाज: अरे विषय काय, चाललंय काय. धागा वाढ्यात गेला.

बालाघाटी: बरं. ताईंना खाडा माहितीय, एवढं मान्य, फोटोवाल्यांपेक्षा बरंच म्हणायचं. पण शिक्षण हमी कार्ड, जे दाखवून स्थलांतरित पोरांना जवळच्या शाळेत बसता येतं, ते कुणाकडं आहे का विचारलंत? का नुसतं बाराखडी आणि बिस्किटं?

रविवारवाली: विचारलं. एकाकडं होतं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं. घेऊन गेले जवळच्या शाळेत, तर म्हणे मार्चमध्ये जाणारच ना ही पोरं, कशाला पटावर घ्यायची. दोनदा भांडून आले. ते पोस्टमध्ये नव्हतं, कारण अजून काम झालेलं नाही.

बालाघाटी: मग तेच लिहायचं होतं ना! नशीब कशाला मध्ये आणलं.

वारणाकाठ: आणि आमच्या साडेसात लाखाचं?