सिझर, अँटिबायोटिक आणि बाळाच्या पोटातले जिवाणू

प्रश्न: ओली_बाळंतीण (नाशिक)

लेक आज 24 दिवसांची झाली. कळा चालू असताना बाळाचे ठोके उतरले आणि अर्ध्या तासात सिझर झालं. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला, म्हणून पाच दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) शिरेतून अँटिबायोटिक दिलं. तेव्हा पावडरचं दूधही दिलं. आता अंगावर पिते, फक्त रात्री अकराला एकदा वरचं देतो.

बहिणीनं एक व्हिडिओ पाठवला. सिझरच्या बाळाला आईचे चांगले जंतू मिळत नाहीत, त्यामुळे पुढे दमा आणि ॲलर्जी होते, असं त्यात आहे. योनीतला स्राव कापसानं बाळाला पुसायचा, असा उपायही सांगितलाय. तो पाहिल्यापासून डोळ्याला डोळा नाही. सासूबाई गुटी सुरू करू म्हणतात. शेजारच्या ताई प्रोबायोटिकचे, म्हणजे चांगल्या जिवाणूंचे, थेंब सुचवतात. मी तिचं काही कायमचं हिरावून घेतलं का?

उत्तर 1: दोन_मुलींची_आई

माझी धाकटी सिझरची. आता इयत्ता चौथीत आहे, ठणठणीत आहे. गुटीबद्दल मात्र सांगते. आम्ही दुसऱ्या महिन्यात दिली आणि तिला जुलाब लागले. सहाण, हळकुंड, मुरडशिंग सगळं नुसतं पुसून डब्यात ठेवत होतो. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि त्याच दिवशी गुटी बंद करायला सांगितली.

उत्तर 2: सांगलीची_मावशी

ताई, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मी बावीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि माझा मुलगाही सिझरचाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हिडिओतली अर्धी गोष्ट खरी आहे. 2019 साली ब्रिटनमधल्या 596 बाळांच्या शीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिझरच्या बाळांत बॅक्टेरॉइडिससारखे आईकडून येणारे जिवाणू कमी होते आणि दवाखान्यात आढळणारे जास्त. पण सहा ते नऊ महिन्यांची होईपर्यंत हा फरक बराचसा पुसला गेला होता. दम्याशी सिझरचा संबंध काही पाहण्यांत दिसतो. तरी सिझर ज्या कारणानं झालं ते कारण, अँटिबायोटिक आणि वरचं दूध हे सगळं त्यातून वेगळं काढणं फार अवघड आहे. तुझ्या लेकीला त्या तापात अँटिबायोटिक मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग तासातासाला वाढतो.

कापसाचा उपाय करू नकोस. कमी पडणारे ते जिवाणू मुळात योनीतले नाहीत, आईच्या आतड्यातले आहेत. शिवाय त्या स्रावातून ग्रुप बी स्ट्रेप हा जिवाणू किंवा हर्पीसचा विषाणू बाळापर्यंत पोचू शकतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2017 मध्येच, संशोधनाबाहेर हे करू नये, असं सांगितलं आहे.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि चरबी यांच्या खालोखाल घन भाग असतो तो ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करांचा, आणि त्या बाळाला पचतच नाहीत! त्या पचवणारे एन्झाइम बाळाकडे नाहीत. त्या आहेत बिफिडोबॅक्टेरियमसाठी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना हा जिवाणू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडला, तोही अंगावर पिणाऱ्या बाळांच्याच शीत. तो या शर्करा खातो, आम्ल तयार करतो आणि त्या आम्लात बरेच घातक जंतू टिकत नाहीत. म्हणजे तू दिवसातून आठ-दहा वेळा पदराखाली घेतेस, तेव्हा लेकीबरोबर त्यांचंही जेवण होतं. दूध आणि स्तनाची त्वचा यांच्यावाटे नवे जिवाणूही येत राहतात.

थेंबांबद्दल. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर मोठी चाचणी झाली, 2017 मध्ये ती प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम या जिवाणूचा एक विशिष्ट वाण आणि त्याचं खाद्य सात दिवस दिलं, तेव्हा जंतुसंसर्ग किंवा मृत्यू 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. आपल्या देशातलं हे काम मी दर वर्षी वर्गात अभिमानानं शिकवते. पण तो वाण वेगळा, ते दिवस जन्मानंतरचे पहिले. दुकानातल्या कुठल्याही बाटलीला ते लागू होत नाही. बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थेंब नकोत.

गुटी नको आणि मध तर वर्षभर बोटभरही नको, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सासूबाईंना दुखवू नकोस. तेल लावणं, शेक देणं, तुला डिंक-अळिवाचे लाडू करणं, हे सगळं त्यांच्याकडे सोपव.

ओली_बाळंतीण

मावशी, हे मोबाईलवर सासूबाईंना वाचून दाखवलं. ‘दूध पोरीचं आणि जंतूंचंही’ हे ऐकून त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग गुटीची पुरचुंडी स्वतःच फडताळात वर ठेवली. मला रडू आलं. आज रात्रीचं वरचं दूध बंद करून टाकू का?

सांगलीची_मावशी

आजच नको. आधी वजन करून घे. वजन नीट वाढत असेल आणि दिवसाला सहा-सात लंगोट चांगले ओले होत असतील, तर डॉक्टरांशी बोलून बंद कर. तोवर अकराला आधी दोन्ही बाजूंना पाज, मग भूक उरली तर वरचं. रात्री उघड्या छातीवर घेऊन बस, तू मात्र जागी असताना. वजन काय आलं ते इथं लिही, मी वाट बघते.