विषय: रविवारची एपी कॅल्क्युलस सराव परीक्षा, खोली आणि कॅल्क्युलेटर

मंडळी,
रविवारी सराव परीक्षा ठरल्याप्रमाणे आहे, पण खोली १२ पासून तालमीला दिलेली दिसतेय. पेपर सव्वातीन तासांचा, मधली सुट्टी धरून साडेबारा होतील. मधेच उठवलं तर मुलांना वेळेचा अंदाज कसा येणार? आणि कॅल्क्युलेटर आपापला आणा, गेल्या वेळी सहा जणांत दोनच होते.
— शनिवार शाळेची ताई

ताई,
पाडव्याचं नाटक तोंडावर आलंय, तालीम हलणार नाही. तुम्ही साडेआठला सुरू करा. पण कॅल्क्युलेटर हवाच कशाला? बारावीला आम्ही लॉगटेबल घेऊन बसायचो. हात बसतो तो लिहूनच.
— तालीमवाले काका

काका, ही आपली बोर्डाची परीक्षा नव्हे, अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डची एपी परीक्षा आहे. बहुपर्यायी ४५ प्रश्नांपैकी ३० कॅल्क्युलेटरशिवाय, १५ त्यासह. लेखी ६ पैकी पहिले २ त्यासह, उरलेले ४ हातानेच. त्या दोनांत हाताने न सुटणारं इंटिग्रल येतं. नीट मांडायचं आणि तीन दशांशांपर्यंत आकडा द्यायचा. कोन रेडियनमध्ये धरायचे असतात, पण आमच्या थोरलीचा कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिला होता. दोन्ही प्रश्नांचे आकडे चुकले, पोरगी रडत घरी आली. रविवारी पेपर वाटण्याआधी प्रत्येकाचा रेडियन मोड मी स्वतः बघणार.
— थोरलीची आई

वहिनी, बहुपर्यायी भाग आता कॉलेज बोर्डच्या ब्लूबुक ॲपवर असतो, त्यातच डेस्मॉस हा कॅल्क्युलेटर मिळतो. म्हणजे लॅपटॉपवर भागेल. लेखी उत्तरं मात्र कागदी पुस्तिकेतच, तेव्हा पेन्सिली आणा.
— खजिनदार

लॅपटॉप सहा आणि प्लगपॉइंट दोन. चार्ज करूनच आणा.
— ताई

लिहिण्याबद्दल काकांचं म्हणणं मला पटतं. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये चलं वेगळी केली नाहीत तर त्या सोडवणुकीला शून्य, मग उत्तर बरोबर का असेना. इंटिग्रल काढल्यावरचा स्थिरांक, ‘अधिक सी’, विसरलात तर पुढचे गुणही जातात. लिमिट काढायचा लोपितालचा नियम वापरताना अंश आणि छेद दोन्ही शून्याकडे जातात हे वेगवेगळं लिहायचं. नुसतं ‘= ०/०’ लिहिलं तर गुण नाही. कॉलेज बोर्डच्या साइटवर जुने लेखी प्रश्न गुणदानासकट फुकट आहेत. दर प्रश्नाला ९ गुण. तपासताना तेच समोर ठेवू, आपापल्या मनाने गुण नकोत.
— गणिताचे सर

बरं, तालीम एकला. किल्ली माझ्याकडे आहे, सव्वाआठला दार उघडतो. पेटी मात्र खिडकीपाशी आहे तिथेच राहू द्या, गेल्या खेपेला हलवली तेव्हा भाता फाटला.
— काका