मदत हवी आहे: स्कायरिम – स्वेनचं पत्र घेतलंय, पण सोबती फेंडाल हवाय

लोकहो, स्कायरिम २०११चा गेम, पण मला सवड आत्ता मिळाली. सुरुवातीच्या हेल्गेनमधून सुटून रिव्हरवूड गावात पोचलोय. तिथला गवई स्वेन आणि तिरंदाज फेंडाल, दोघांनाही एकच मुलगी आवडते. म्हणून स्वेन फेंडालच्या नावाने खोटं पत्र लिहून बसलाय आणि ते दुकानदार ल्युकनच्या बहिणीला, कामिलाला, नेऊन द्यायला सांगतोय. इन्व्हेंटरीत (जवळच्या सामानात) उघडून वाचलं. मजकूर असा की कुठलीही मुलगी फेंडालला परत दारात उभं करणार नाही!

मला सोबत फिरून लढणारा धनुष्यवाला सोबती हवाय, म्हणजे फेंडालच. पण पत्र घेतलंय स्वेनकडून. आता बाजू बदलता येते की जुनं सेव्ह लोड करू? शिवाय नकाशावर कुठे जायचं ते दाखवणारा बाण दिसत नाही आणि दुकानाला कुलूप आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १:
सेव्ह लोड करायची गरज नाही. पत्र कामिलालाच द्यायचं, फक्त बोलताना खरं सांगायचा पर्याय निवडा, की हे स्वेनचं कारस्थान आहे. मग फेंडालला भेटा. तो खूश होऊन थोडी नाणी देईल आणि सोबत यायलाही तयार होईल. फेंडालचं पत्र म्हणून खपवलंत, तर सोबती म्हणून गवई गळ्यात पडेल.

बाण दिसत नाही कारण हे काम जर्नलमध्ये (कामांच्या यादीत) सगळ्यात खाली, मिसलेनियसमध्ये (किरकोळ कामांत) जातं. तिथे जाऊन त्या ओळीवर क्लिक करा. कुलूप रात्रीचंच असणार. गेममधल्या वेटने वेळ पुढे ढकलून सकाळ होऊ द्या.

प्रतिसाद २:
+१. माझ्या मते पहिल्या काही तासांत याच्याइतका कामाचा सोबती नाही, कारण फेंडाल तिरंदाजी शिकवतोही, कौशल्य ५० होईपर्यंत. सोबत घेतल्यावर शिकवणीचे पैसे द्या, मग सामान अदलाबदलीत त्याच्या खिशातून तेच पैसे काढून घ्या. चीटिंग म्हणा हवं तर, गेम काही अडवत नाही. एका लेव्हलला पाचदाच शिकता येतं, एवढीच मर्यादा.

धागाकर्ता:
जमलं! कामिलाने स्वेनचा चांगलाच उद्धार केला. आता पुढे व्हाइटरन शहरात लिडिया नावाची सोबती मिळते म्हणतात, दोघांना एकदम नेता येईल का?

प्रतिसाद १:
नाही, एका वेळी एकच माणूस. फेंडालला निरोप द्या, तो रिव्हरवूडला परत जातो. पण आधी त्याच्याकडचं तुमचं सामान काढून घ्या.