संशोधन करणाऱ्या बाईने कथा लपून का लिहायच्या?

शुक्तिका:
मी सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करते आणि कथाही लिहिते. नव्या जागेसाठी अर्ज करताना एका वरिष्ठांनी आपुलकीने सुचवलं, 'बायोडेटातून कथासंग्रह काढ. समितीला वाटेल तुझं लक्ष कामात नाही.' आमच्याच विभागातले एक सहकारी गिर्यारोहण करतात. त्यांचं कौतुक होतं, मला मात्र 'वेळ कसा मिळतो?' असं विचारतात. वेळेची ओढाताण खरी आहे, पण त्याआधी संशय आहे. दोन्ही कामं एकाच नावाने, उघडपणे करावीत असं माझं ठाम मत आहे. तुमचं?

रेणुसूत्र:
अजिबात सहमत नाही. कादंबरी हा रविवारचा छंद नव्हे, ती सगळा माणूस मागते. लिसा जेनोव्हा हार्वर्डच्या मेंदूविज्ञानातल्या पीएचडी. २००७ मध्ये पहिली कादंबरी स्वतःच छापली आणि पुढे पूर्णवेळ लेखिका झाल्या. त्यांचं भलंच झालं, पण संशोधन सुटलं ना? ज्यांना पुढची पाच वर्षं पगार आणि प्रयोगशाळा द्यायची आहे, त्यांनी हा प्रश्न विचारला तर तो अन्याय कसा?

शुक्तिका:
@रेणुसूत्र, सोडणाऱ्या दिसतात, टिकणाऱ्या का दिसत नाहीत? कॅथी रीक्स हाडांवरून मृतांची ओळख पटवण्याचं काम करत होत्या. १९९७ मध्ये पहिली कादंबरी आली, त्यानंतरही ते काम चालू राहिलं. वंदना सिंग भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक आणि विज्ञानकथाकारही.

जुनी वही:
दोघींचं थोडं थोडं पटतं. 'यंत्र चालू असताना लिही' हा सल्ला मला फार ऐकावा लागतो. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायची प्रक्रिया, लावला की दीड-दोन तास यंत्राचे, हे खरं. पण तेवढ्यात डीएनएच्या पट्ट्या बघायचं जेल ओतायचं असतं, पुढचे नमुने मोजायचे असतात, आणि डोक्यात एकच धास्ती: ज्या नळीत डीएनए घातलाच नाही तिथेही पट्टी उमटली तर? म्हणजे कुठूनतरी भेसळ झाली, मग सगळा आठवडा पाण्यात. अशा वेळी पात्रं बोलत नाहीत हो.
शिवाय दोन्ही कामांच्या सवयी उलट्या. प्रयोगवहीत खोडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ, शेजारी तारीख आणि सही. कथेत मात्र अख्खं प्रकरण निर्दयपणे फेकता आलं पाहिजे. दुपारी एक आणि रात्री दुसरं, यात मी दमते. कामाचे तास कमी करून मागितले तेव्हा कुठे लिहिणं सुरू झालं. पगार घटला.

निळी शाई:
मग टोपणनाव घ्या, विषय संपला. जयंत नारळीकरांनी नाही का १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावाने कथा पाठवली?

शुक्तिका:
तुलना उलटी आहे. त्यांचं नाव इतकं मोठं होतं की परीक्षकांवर त्याचं वजन पडू नये म्हणून लपवलं. पुढे खऱ्या नावानेच लिहिलं. ॲलिस शेल्डन बघा. १९६७ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्रात पीएचडी, आणि पुढच्याच वर्षापासून 'जेम्स टिपट्री ज्युनियर' या पुरुषी नावाने कथा. १९७५ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत लेखकाने लिहिलं की या लेखनात ठाम पुरुषीपणा आहे, हे बाईचं असूच शकत नाही. १९७७ मध्ये खरं नाव सगळ्यांना कळलं. कथा त्याच होत्या! नाव लपवून कथेला न्याय मिळाला असेल, लिहिणारीला नाही.

रेणुसूत्र:
शेल्डन यांचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. संशोधनात त्या फार काळ राहिल्या नाहीत. तरी गिर्यारोहकाचा मुद्दा मान्य. प्रश्न विचारायचा तर दोघांनाही विचारावा. कथासंग्रह बायोडेटात ठेवा, पण शोधनिबंधांच्या खाली, वेगळ्या शीर्षकाने.

जुनी वही:
खाली ठेवा किंवा वर. मुलाखतीत मात्र कामाचे तास किती हवेत ते आधीच बोलून घ्या, शुक्तिका. रुजू झाल्यावर मागणं फार जड जातं.