चौकट नंतरची असेलच असं नाही

तुमच्याकडच्या जुन्या पेन्सिल-व्यक्तिचित्राबद्दल असा तर्क मांडला गेलाय, की चेहरा इतका संयत आणि भोवती वेलबुट्टीची चौकट, म्हणजे चौकट नंतर कुणीतरी हौसेने काढली असणार. तो मला घाईचा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जर्मन चित्रकारांना अशा चौकटींचं वेडच होतं. त्याआधी तीनशे वर्षांपूर्वी, जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ मध्ये सम्राट माक्सिमिलियनच्या प्रार्थनापुस्तकाच्या समासांत रंगीत शाईने वेली, प्राणी, संत काढले होते. १८०८ मध्ये म्युनिकला त्यांच्या शिळाछापाच्या प्रती निघाल्या आणि या तरुण चित्रकारांना जणू घबाडच मिळालं. त्यांच्यातल्याच ओव्हरबेकने १८१० मध्ये आपला चित्रकार मित्र फोरचं व्यक्तिचित्र केलं. ते तैलचित्र आहे, पण त्यातही फोर गॉथिक कमानीच्या चौकटीत बसलेला दिसतो. चौकट तिथे निव्वळ शोभेची नाही, ती माणसाबद्दल काही सांगते.

याच काळात रोममध्ये असलेला फ्रेंच चित्रकार अँग्र मात्र पेन्सिलीच्या व्यक्तिचित्रांत असल्या भानगडीत पडला नाही. चेहरा बारकाईने, कोट चार रेषांत, बाकी कागद बहुधा कोरा. (मला स्वतःला हेच जास्त आवडतं.)

अशा चित्रांतल्या टोकदार, कडक रेषेचं श्रेय थोडं फ्रेंच संशोधक काँतेलाही द्या. १७९५ च्या त्याच्या पेटंटनंतर ग्रॅफाइटमध्ये माती किती मिसळायची यावर पेन्सिलीचा कडकपणा ठरवता येऊ लागला.

तुमच्या चित्रात चौकटीची रेषा कोटाच्या रेषेवरून जाते की तिथेच थांबते, ते भिंगाखाली बघा. थांबत असेल, तर चौकट मुळातच योजलेली असण्याची शक्यता जास्त.