मदत हवी आहे : मंडळाचा कायम निधी खर्चाला काढता येतो का?

नमस्कार मंडळी. सांगलीच्या गावभागात आमचं छोटं मित्रमंडळ आहे. नोंदणी दोन्हीकडे आहे, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा विश्वस्त कायदा. गरजू मुलांना वह्यापुस्तकं, आजारी सभासदाला हातभार, एवढंच काम. मंडळावर कर्ज नाही.

आजीव सभासदांची वर्गणी पहिल्यापासून कायम निधी म्हणून मुदत ठेवीत आहे. पूर्वी नुसत्या व्याजावर वर्ष निघायचं. आता व्याज उतरलंय, वह्या महागल्यात, आणि जुन्या सभासदांनी १०१ रुपये एकदाच भरलेले. त्यांच्याकडे पुन्हा वर्गणी मागणं मला पटत नाही, शब्द दिला होता तो दिला होता. ऐच्छिक देणगी मागून पाहिली, तूट भरली नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कीर्द-खतावणी भिजून पानांचा लगदा झाला. ताळेबंदांच्या प्रती लेखापरीक्षकांकडे मिळाल्या, त्यामुळे निधीची एकूण रक्कम पक्की आहे; कुणी किती भरले ते मात्र गेलं.

लेखापरीक्षण अहवाल आणि बदल अर्ज (विश्वस्त वगैरे बदलले की धर्मादाय कार्यालयाला कळवायचा अर्ज) वेळेवर जातात. मंडळाच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, 'निधी शाबूत ठेवावा' एवढंच लिहिलंय. सीए म्हणतात, सर्वसाधारण सभेचा ठराव पुरे. वकील म्हणतात, आधी घटनादुरुस्ती करा.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा : निधीचा थोडा भाग काढायला धर्मादाय कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागली का, आणि सभासदवार नोंद नसताना ठरावात काय लिहिलंत?