वारली घरं आतून बघायचीत, कुठे जावं?

डिसेंबरात जव्हार-डहाणू साइडला जातोय. जुनी लाकडी, कुडाची घरं अजून आहेत का? की सगळीकडे सिमेंटचे ब्लॉक आणि पत्रे?

रानवाट: आहेत हो, पण रस्त्यालगत नाही, आत पाड्यांवर जावं लागतं. भिंत म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या दाटीने बांधायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची. लोड भिंतीवर नसतोच, मेढींवर असतो, म्हणजे वर दुबेळकं (दोन फाट्यांची बेचकी) असलेला खांब, त्यात आडवं लाकूड नुसतं बसवलेलं. खिळा शोधून सापडत नाही. लिंपण गळालं असेल तिथे काठ्यांमधून उजेडाच्या बारीक रेघा आत येतात, मी तर तेच बघत बसलो होतो.

चुलीवरचा_चहा: खिडक्या नाहीत म्हणून नाकं मुरडू नका 😄 धूर छपरातून झिरपतो, वासे काळे होतात आणि कीड कमी लागते. आणि कृपा करून न विचारता कोणाच्या घरात शिरून फोटो काढू नका.

मूळ प्रश्नकर्ता: नाही हो, विचारूनच. भिंतीवरची चित्रं?

रानवाट: तांदळाच्या पिठाची, लग्नातला चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र, बघायला मिळाला तर नशीब. भोपाळला गेलात तर मानव संग्रहालयात देशभरातली आदिवासी घरं खऱ्या मापात उभी केलीत, पूर्ण दिवस ठेवा.